फ्लॉपीतले सासरे

काराकोल,
१४ सप्टेंबर २०१८

आदरणीय जेंगे,

धाकट्या दिराचा सलाम. इकडे सगळं ठीक. तुमच्या सासूबाई अपांचे गुडघे, आमची गाय आणि माझी बायको, सगळे आपापल्या परीने कुरकुरत असतात. बिश्केकमधलं तुमचं शिवणाचं दुकान बरं चाललं असेल. फोनच केला असता, पण आमच्या घरातला नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. म्हणून हे पत्र मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर धाडतोय. सोबत जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी आहे. ती अर्धी निघाली तर ड्रायव्हरला धारेवर धरा.

एक साधी तांत्रिक चौकशी करायची होती, दुसरं काही नाही. भावाचा विषय या पत्रात काढणार नाही, वचन देतो.

तर आमच्या बेर्मेतचं लग्न ठरलंय. तुम्ही गेलात तेव्हा तिचे पुढचे दात पडले होते, आता बाईसाहेब दुसऱ्यांचे दात उपटायला शिकतायत! मुलगा कोचकोरचा, एलनाझार. सालस आहे, माझ्या विनोदांना हसतो. त्याच्या आईने बेर्मेतच्या कानात कर्णफुलं घातली, आम्ही मेंढा कापला, सगळे जेवायला बसलो. आणि तेवढ्यात मुलाच्या काकांनी, सातीबाल्डी त्यांचं नाव, हातातलं हाड खाली ठेवलं.

"तुमचे पूर्वज कोण म्हणालात?"

मी बेर्मेतचे सात बाप घडाघडा म्हणून दाखवले. वडिलांनी कान पिळून पाठ करून घेतलेत, चुकायची सोय नाही. काका म्हणाले, "आमचा एक पणजोबाही तुमच्याच खोऱ्यातून आला. एकोणीसशे सोळाच्या पळापळीत, झारचं सैन्य मागे लागलं तेव्हा. त्याच्या मागची नावं आम्हाला ठाऊक नाहीत."

झालं! सगळ्यांचे घास हातातच राहिले. सात पिढ्यांच्या आत मूळपुरुष एक निघाला तर पोरगा-पोरगी भाऊबहीण, मग कसलं लग्न? काका जाताना बजावून गेले, "आमचा पणजोबा तुमच्या कोणत्या शाखेतला, ते दाखवा. नाहीतर बर्फ पडायच्या आत कर्णफुलं परत करा." तेव्हापासून बेर्मेतने ती कर्णफुलं झोपतानाही काढलेली नाहीत. कान सुजलाय, पण हात लावू देत नाही.

आता शाखा-उपशाखा मला कुठून माहीत असणार? त्या एकट्या वडिलांच्या डोक्यात होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, लिहिता येईना, म्हणून ते सांगत आणि तुम्ही शाळेने मोडीत काढलेल्या त्या कॉम्प्युटरवर टाइप करत. मी मागे उभा राहून विचारायचो, "जेंगे, गेम कधी लावणार?" तुम्ही म्हणायचात, "पूर्वज संपले की." आणि पूर्वज काही संपायचे नाहीत.

त्या फ्लॉप्या सापडल्या. बिस्किटांच्या डब्यात, संदुकीत, सगळ्या रजयांच्या तळाशी. अपांनी त्या देवासारख्या सांभाळल्यात. वडील गेल्यापासून दर गुरुवारी डबा उघडून आर्चाच्या फांदीचा धूर द्यायच्या. नजर लागू नये म्हणून!

बाजारातल्या गेनाकडे गेलो. तोच तो, जो टीव्ही दुरुस्त करतो आणि मालकाला बिघडवतो. डबा उघडून त्याने वास घेतला. "बेइशेन, या फ्लॉप्या आहेत की कबाब?" पण माणूस हरखला. फ्लॉपी वाचायचं यंत्र साऱ्या गावात नव्हतं. शेवटी एका शिवण कारखान्यातल्या जुन्या भरतकामाच्या मशीनमधून त्याने ते काढून आणलं. मग एकेक फ्लॉपी उकलून स्पिरिटने पुसायला बसला. एक थेंब फ्लॉपीला, एक घोट गेनाला. दुपारपर्यंत फ्लॉप्या लख्ख झाल्या आणि गेना धूसर.

पण त्याला त्याचं काम येतं, हे मान्य. म्हणाला, "आधी अख्ख्या फ्लॉपीची नक्कल काढायची. जे चाळे करायचे ते नकलेवर. मूळ फ्लॉपी सारखी फिरवली तर उरलंसुरलंही खरवडून निघेल." यंत्र कट-कट-खर्र करायचं, एकाच जागी दहादा अडखळायचं. अपा शेजारी बसून प्रत्येक खर्रला "बिस्मिल्ला" म्हणायच्या. बेर्मेत नखं खात होती. पहिल्या फ्लॉपीत निघाला गेम. दुसरीत निघाला वडिलांचा रस्त्यावरच्या दिव्याबद्दलचा तक्रारअर्ज. दिवा अजून बंदच आहे, तोच अर्ज पुन्हा देता येईल.

आणि मग वंशावळ उघडली! आधी नुसती कीडमुंगी दिसत होती, गेनाने जुनी अक्षरं जुळवली आणि ओळीच्या ओळी सरळ झाल्या. बेर्मेत माझ्या गळ्यात पडली. मी शहाणपणा करून सातीबाल्डी काकांना साक्षीला बोलावून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, खाकरले आणि मोठ्याने वाचायला लागले:

"पहिले थोरले. त्यांचे दोन मुलगे: एक घोडा विकून पायी घरी आलेले, दुसरे दोन बायकांत भांडण लावून मासे धरायला गेलेले. घोडेवाल्यांचे तीन मुलगे: खोकणारे, न खोकणारे, आणि ज्यांच्याबद्दल आमचे सासरे बोलायचं टाळतात ते."

काकांनी चष्मा काढला. "ही वंशावळ आहे की पाणवठ्यावरच्या गप्पा?"

खालपर्यंत सगळं असंच. एक नाव असेल तर शपथ! माझ्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, टाइप जाऊबाई करत होत्या! सासरच्या थोरांचं नाव सून घेईल का?"

जेंगे, हद्द झाली हो. तोंडाने नाव घेऊ नये, समजू शकतो. पण बोटांनीही नाही? शंभर वर्षांपूर्वी मेलेल्यांचंही नाही? वडील बिचारे विचारायचे, "लिहिलंस ना, पोरी?" आणि तुम्ही म्हणायचात, "लिहिलं." त्यांना पडदा दिसतच नव्हता!

अपा इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की उचकी लागली. "बघा, बघा माझी सून," म्हणत होत्या. मग पाणी पिता पिता रडायला लागल्या. त्यांना नावं विचारली तर म्हणतात, "मीही या घरची सूनच आहे, मी कधी उच्चारली नाहीत. कुणी मला सांगितलीही नाहीत."

तेव्हा गेना बोलला. त्याच्या पोटात बरंच स्पिरिट होतं, म्हणून मी त्याला मारलं नाही. म्हणाला, "बाईंची फारकत झालीय ना? मग कसली सून? विचारा नावं, सांगून मोकळ्या होतील."

अपा उठून गाईला बघायला गेल्या. गाय चरायला गेलेली होती.

जेंगे, तांत्रिक चौकशी म्हणालो ती थाप होती. खरी गोष्ट लिहायला हात वळत नव्हता. तुम्ही नावं लिहून पाठवलीत तर बेर्मेतचं लग्न लागेल, पण तुम्ही आमच्या घरच्या कोणी उरला नाहीत, हे तुमच्याच हाताने लिहिल्यासारखं होईल. नाही पाठवलीत तर माझी पोर कर्णफुलं परत करेल. भाऊ तिकडे रशियात दुसरा संसार थाटून बसला, तो त्याचा त्याला लखलाभ. (वचन मोडलं, माफ करा.) पण अपांनी तुमची चहाची वाटी तेरा वर्षांत कोणाला वापरू दिलेली नाही. मला एकदा फक्त चुकून हात लागला, तर पोराबाळांदेखत माझा उद्धार केला.

मला लग्नही हवंय आणि तुम्हीही हव्या आहात. दोन्ही कसं मागायचं, मला कळत नाही. तुम्हीच काय ते ठरवा. नावं पाठवणार असाल, तर पाकिटावर माझं नाव घाला. ते अपांच्या हाती पडायला नको.

तुमचाच,
बेइशेन


बिश्केक,
१९ सप्टेंबर

गोऱ्या पोरा,

तू आता टकला आणि काळवंडलेला असशील, पण लग्न होऊन आले तेव्हा मी तुला हेच नाव ठेवलं. मी दिराचंही नाव घेत नाही, आणि तू माझ्याकडे पूर्वजांची मागतोस?

मुरंबा पोहोचला. बरणी पाऊण होती. ड्रायव्हरला बोलले.

त्या खुणा मी मुद्दाम केल्या नव्हत्या रे. सासरे नाव सांगायचे आणि माझी बोटं अडायची. म्हणून त्यांनी ज्याची जी गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवली. वाटलं, मी कुठे जाणार आहे? कोणी विचारलं तर घरातच असेन, सांगेन.

बेर्मेतला म्हणावं, रडू नकोस, कानाला मलम लाव. तुम्ही घोडेवाल्यांचे. कोचकोरला पळून गेले ते मासे धरणाऱ्यांच्या वंशातले. दोन्ही फांद्या पहिल्या थोरल्यांपाशी एक होतात, आणि ते बेर्मेतपासून आठवे. सातवे नाहीत, आठवे. सासऱ्यांनी बोटांवर मोजून दोनदा सांगितलंय. लग्न खुशाल करा.

सातीबाल्डी काकांना नुसत्या घोड्यामाशांवर पटणार नाही, ठाऊक आहे. त्यांना शनिवारी बोलावून ठेव. बेर्मेतला माझ्यासमोर बसव. मी नाव न घेता एकेका नावाचा अर्थ खुणेने सांगेन, ती ओळखेल आणि मोठ्याने म्हणेल. ती घरची लेक, तिला सगळी मोकळीक. एका दिवसात आटोपलं नाही तर दोन दिवस लागतील. दोन दिवसांत आटोपलं नाही तर बघू.

आणि त्या गेनाला सांग. फारकत मी नवऱ्याशी घेतली, कचेरीत जाऊन, सही करून. सासूसासऱ्यांशी फारकत घेतल्याचा कागद त्याने दाखवावा, मी सगळी नावं त्याच्या दुकानात उभी राहून घेईन.

शुक्रवारच्या गाडीने निघते. अपांना माझ्या हातचा नूडल्सचा रस्सा चालतो अजून, की दात गेले?

तुमच्या घरची थोरली सून,
झूरा