आधी मान बघा

आई, आज एक मुलगी घरी गेली आणि दिवसभर तुझीच आठवण येत राहिली. तिचा बाप वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. दोन महिन्यांपूर्वी, सातवा महिना लागतो न लागतो तोच, त्याची बायको बाळंत झाली. पोर जेमतेम नऊशे ग्रॅमची. बाळंतपणाच्या आधी तो मला खोलीच्या दाराशी गाठून म्हणाला, "मॅडम, सगळं करा. नळी, मशीन, काही बाकी ठेवू नका." मी म्हणाले, "लागेल ते सगळं करीन. पण एवढ्याशा फुप्फुसांना नळीने इजाही होते. आधी मास्कने श्वास देऊन बघू. नाहीच जमलं तर नळी आहेच." त्याने मान डोलावली, पण त्याला पटलेलं नव्हतं.

पोर बाहेर आली ती निपचित. हृदयाचे ठोके ऐंशीच, हवेत शंभराच्या वर. माझ्या हाताखालच्या डॉक्टरने मास्क लावला, छाती हलेना. त्याने नळीकडे हात नेला. "मॅडम, घालू?" आणि मला कल्याणचं ते छोटं प्रसूतिगृह दिसलं, जिथे तू आया होतीस. मी दहा वर्षांची, शाळेतून येऊन बाकावर बसलेय, दार अर्धं उघडं आहे. आत पोर रडत नाहीय. डॉक्टर त्याला पाय धरून उलटं लटकवून चापट्या मारतायत, आणि तू म्हणतेस, "साहेब, मारू नका. निजवा त्याला, आधी मान बघा." मग तूच त्याला घेतेस, खांद्यांखाली फडक्याची घडी सरकवतेस, तोंड पुसतेस. ते रडतं. "आयाने आयासारखं राहावं," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले आणि तू गुमान फरशी पुसायला वाकलीस. घरी मी चिडून विचारलं, तेव्हा भाकरी थापता थापता म्हणालीस, "अगं, रडलं ना पोर? मग बोलू देत की त्यांना."

"थांब," मी माझ्या हाताखालच्या त्या डॉक्टरला म्हणाले, "आधी मान बघ." हनुवटी छातीला टेकली होती. आम्ही खांद्यांखाली घडी सरकवली, मास्क नीट बसवला. पुढच्याच श्वासाला छाती वर आली. ठोके शंभर, एकशेवीस, एकशेचाळीस. मग मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज. नळी लागलीच नाही. नाकातून हवेचा हलका दाब देत तिला वॉर्डात नेलं, आणि तिथून आज घरी. निघताना बाप म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुमचा राग आलेला मला." मी हसले.

घोडबंदर रोडवरच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आता नवे डॉक्टर तुझं वाक्य जसंच्या तसं म्हणतात, आई. ऐकताना माझी छाती फुगते.

हे पत्र मी तुला न देता कपाटात ठेवणार आहे, कारण एक गोष्ट तुझ्या तोंडावर सांगायचा धीर मला होणार नाही. माझ्या हाताखालचा तो डॉक्टर आज विचारत होता, "मॅडम, हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "आईकडून. ती नर्स होती."