नदीची ओटी

प्रिय मेघाली,

तुला आणि बाळाला खूप खूप आशीर्वाद. आजीचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, मांडव उतरला. तू ओली बाळंतीण, नाशिकहून येणं शक्यच नव्हतं, ते मनाला लावून घेऊ नकोस. इकडे घर अजून तिला सोडत नाही, बघ. सकाळी मागच्या पडवीत तिची काठी टेकल्याचा आवाज येतो. तुझे बाबा म्हणतात, उंदीर असतील. पण आवाज आला की तेसुद्धा घास हातात धरून थांबतात, हे मी पाहिलंय.

आणि माणसं येतात. दापोड्याच्या गोदामांतले हमाल, वाडीवरची कमळा, नारपोलीचे लूमवाले. परवा एक म्हातारा लूमवाला दारात येऊन विचारायला लागला, "अम्मा हैं?" गेल्या म्हटलं, तर तिथेच पायरीवर बसला. मी त्याला भाकरी दिली, तर अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात बांधून घेतली. तिला नेलं त्या दिवशी या लोकांनी मागावरचं कोरं कापड आणलं होतं, प्रत्येकाने आपापलं. कोणाचं घालायचं यावरून वाद नको म्हणून तुझ्या बाबांनी सगळंच घातलं. कोन गावच्या रस्त्याने ती एवढी पांढरी होऊन गेली की ट्रकवाले गाडी थांबवून हात जोडत होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा धाकच वाटायचा. गावदेवीला दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, त्याच पायांनी शेतात. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन नारपोलीच्या चाळींत जायची, अर्धी विकायची, अर्धी वाटायची. आजोबा चिडायचे, "बाजार करतंस का दान करतंस?" ती म्हणायची, "दारात आलेल्याला जात नसते, भूक असते." मलाही तेव्हा वाटायचं, जरा अती आहे. बाळंतपणानंतर मी महिनाभर उठू शकत नव्हते, तेव्हा तिने माझं डोकं मांडीवर घेऊन भरवलं. त्यानंतर कधी तसं वाटलं नाही.

पण मोठ्या पुराच्या वर्षानंतर तिचं देणं बदललं. तू चार वर्षांची होतीस. मी तापाने पडलेली, म्हणून ती तुला बरोबर घेऊन नारपोलीला गेली. दुपारी कामवारी नदी उलटून गल्ल्यांत शिरली. तुम्ही एका लूमच्या कारखान्याच्या लोखंडी जिन्यावर अडकलात आणि दुसऱ्या दिवशी चिखलाने माखून घरी आलात. घरात एवढंच माहीत होतं. त्यानंतर तिने भाजी विकणं सोडलं. चाळीत जाऊन नुसती जेवू घालायची आणि ज्याला त्याला विचारायची, "तुमच्यातली कोनी बाई पुरात गेली का?" लोकांना वाटायचं, मायेने विचारते. दर वर्षी त्या दिवशी हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, नारळ घेऊन कामवारीवर जायची, नदीची ओटी भरायची. गावच्या बायका म्हणायच्या, काय भक्ती! सोबत निघाल्या तर अर्ध्या वाटेवरून त्यांना परत पाठवायची.

शेवटच्या दिवसांत ती कोणाला उजवा हात धरू देईना. अंग पुसताना मी चुकून धरला, तर लहान मुलासारखी ओरडली. एका दुपारी अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "वैशाली, दार लाव. ती बाहेर उभी हाय." मी पाहिलं, अंगणात कोणी नव्हतं. दार लावलं. थोड्या वेळाने म्हणते, "उघर आता. किती येल उभी ठेवू तिला?" मी दार उघडलं. मेघाली, खरं सांगते, उघडताना मी अंगणाकडे पाहिलं नाही. मग तिने मला जवळ बसवलं आणि सांगितलं.

जिन्याच्या कठड्याला पाठ लावून ती उभी होती. तू डाव्या कडेवर. खाली पाण्यात एक तरुण बाई, तिचा हात आजीच्या उजव्या हातात. मनगटभर हिरव्या बांगड्या. ती सारखी म्हणत होती, "अम्मा, छोड़ना मत." तेवढ्यात तू कडेवरून घसरलीस, गळ्यापर्यंत पाण्यात गेलीस. तुला ओढायला दोन्ही हात लागणार होते. "देवीला पन मी हात सुटला असंच सांगत आले," आजी म्हणाली. "सुटला न्हाय गो. मी सोरला." ती बाई कोण, कुठली, तिच्या घरी कोणी वाट बघत होतं का, हे एवढ्या वर्षांत तिला कळलं नाही. मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून तिने गावदेवीची शपथ घ्यायला लावली, मेघूला सांगायचं नाही, पोरीच्या डोक्यावर कोणाचा जीव ठेवायचा नाही. मी शपथ घेतली. चार दिवसांनी ती गेली.

ती शपथ मी आज मोडते आहे, काय ते देवी माझं बघेल. काल भूपेशरावांचा फोन आला. मालिशवाली यायची बंद झाल्यापासून तू बाळाला न्हाऊ घालत नाहीस, टब भरतेस आणि नुसती उभी राहतेस, पाण्यातून हिरव्या बांगड्यांचा हात वर येतो म्हणतेस, हे त्यांनी सांगितलं. तुझ्या सासूबाई भगताला बोलवायचं म्हणताहेत. बोलवू नका. तुला काही लागलेलं नाही, पोरी. तो हात तू आजीच्या कडेवरून पाहिला आहेस. लहानपणी पाणी अंगावर घेताना तू किंचाळायचीस, तेव्हा आजीच तुला जवळ घेऊन बसायची. का, ते मला आता कळलं. ती बाई तुझ्या बाळाला न्यायला येत नाही. तिने फक्त हात मागितला होता. दिवा लावताना मी तिच्यासाठी रडते आणि त्याच क्षणी आजीने तिला सोडलं म्हणून देवीचे पाय धरावेसे वाटतात. या दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही, तुलाही कळणार नाही. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. शनिवारी मी येते. तोवर बाळाला ओल्या फडक्याने पूस. मी आले की दोघी मिळून न्हाऊ घालू. पाणी मी ओतेन, तू फक्त त्याला धर.

तुझीच,
आई