करंजाच्या बारा कुंड्या

८ जुलै १९९६, राजूर
पोचलो एकदाचा! मिरजगाव, नगर, संगमनेर, राजूर. तीन एसट्यांनी हाडं खिळखिळी केली, पण जीव खुशीत आहे. सातवी नापास कारभारी, गॅरेजात फडकं मारता मारता विहिरीवरच्या मोटारी बांधायला शिकला आणि आज संशोधन केंद्राचा मिस्त्री झाला. आल्या आल्या ऑटोक्लेव्ह दाखवला. म्हणजे माणसाएवढा प्रेशर कुकर. त्यात माती शिजवून निर्जंतुक करतात. चालू करताच कानाला कळलं, वॉशर गेलाय. लगेच बदलला. वर सगळ्यांना बजावलं, की पंधरा पौंड वाफ असताना झाकण उघडणं म्हणजे मरण. दाब उतरायला वीस मिनिटं लागतात, तोवर कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. माधुरी मॅडम, इथल्या मुख्य, हसून म्हणाल्या, की मामा, बापाचं इथं ऐकतंय कोण!

१५ जुलै
मॅडमचं काम समजून घेतलं. करंजाचं झाड, त्याच्या मुळांत राहणारी बुरशी आणि मुळांच्या गाठींतले जिवाणू, या तिघांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचा. जेलीच्या वडीत त्याच्या पट्ट्या उमटतात. हे तिघं इतकी वर्षं एकत्र नांदलेत, की एक जे सांभाळतो ते दुसरा टाकून देतो. मी म्हणालो, आमच्या घरी तेच. बायको, छबूबाई, आठवण ठेवते, मी विसरतो. आणखी एक नवल ऐकलं. अख्ख्या रानाखाली पसरलेली बुरशी कधीकधी एकच जीव असते.
कोरड्या भागातल्या करंजाखालची माती हवी होती. मी म्हटलं, लांब कशाला जाता? आमच्या बांधावर आहे की.

२२ जुलै
गावी जाऊन माती आणली. छबूबाईनं माझ्या हातातला टिकावच धरून ठेवला. दुसऱ्या कुठल्याबी झाडाची न्या म्हणाली. मी म्हटलं, माती ती माती. मी निघालो तरी ती करंजाखालीच बसून होती.
बारा कुंड्या भरून काचघरात एका ओळीत मांडल्या, करंजाचं बी टाकलं.

३० सप्टेंबर
रोपं वीतभर झाली. काचघरात शिरलो की खोकल्यासारखा आवाज येतो. पाण्याच्या पाइपात हवा धरली असणार. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या चांगुणाबाईला विचारलं, तर तिला काहीच ऐकू येत नाही. वर मलाच टोमणा, की मिस्त्री, मोटारी ऐकून ऐकून कान बिघाडलं तुमचं, घरवालीचं बी ऐकत जावा कधी. हसलो.

१४ ऑक्टोबर
पाइप बदलला. आवाज आहेच. भर दुपारी, जिथनं येतोय वाटलं त्या पाचव्या कुंडीला कान लावला.
खोकल्याची उबळ. उबळीवर उबळ. मग श्वास आत ओढताना कोंबड्यासारखी लांब हाक.
हा आवाज मी कधी ऐकलेला नाही. छबूबाईनं एकदाच करून दाखवला होता.

१५ ऑक्टोबर
लिहूनच टाकतो. आमची शुभांगी. आठ महिन्यांची. डांग्या खोकला, नऊ दिवस. मी श्रीरामपूरला मोटारी बांधत होतो. निरोप दोनदा आला. खोकलाच तर आहे म्हणून थांबलो. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून बांधावर पुरली. वर करंज लावला.
साऱ्या तालुक्याच्या मोटारी ऐकल्या. पोरीचं नाही ऐकलं.

४ नोव्हेंबर
मॅडमच्या वडीत जास्तीच्या पट्ट्या आल्यात. झाडाच्या नाहीत, बुरशीच्या नाहीत, जिवाणूंच्या नाहीत. माणसाच्या. कुणीतरी हातमोजे न घालता हात लावला म्हणाल्या. आम्हा सगळ्यांच्या गालांतून कापसाचा बोळा फिरवून घेतला.

१३ नोव्हेंबर
निकाल आला. अर्ध्या पट्ट्या माझ्याशी जुळतात. मॅडम रागावल्या. मी विचारलं, हात माझा होता तर सगळ्या का जुळत नाहीत? म्हणाल्या, काहीतरी मिसळ झाली असेल. अर्ध्या काय, पोटच्या पोराशी जुळतात. हसल्या त्या.
बाराही कुंड्या बाद. सोमवारी शिजवून टाका म्हणाल्या. काम माझंच.

१६ नोव्हेंबर
एसटीडीवरून शेजाऱ्यांकडे फोन लावून छबूबाईला बोलावलं. सगळं सांगितलं. मग म्हणाली, आता तुमी ऐका. म्या नऊ दिस ऐकलंय.

१८ नोव्हेंबर, सकाळी
पाचवी कुंडी उचलून बाजूला ठेवली. उचलताना बुडाच्या भोकातून पांढरे धागे ताणले गेले. शेजारच्या कुंडीत गेलेले. तटतट तुटले. बाकीच्या अकरा ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. नट आवळले, बटण दाबलं.

अकरा वाजता
कुंडी मांडीवर घेऊन बसलोय. गप आहे. निजली असेल.

सव्वाअकरा
खोकला. मांडीवरनं नाही —
सगळीकडं एकच जीव — मॅडम म्हणाल्या होत्या — आणि मी एकच कुंडी —

आतनं येतोय. बटण बंद केलं. काटा पंधरावर. उतरायला वीस मिनिटं. उबळ थांबत नाही — श्वास ओढेना —

तेव्हा नऊ दिवस थांबलो. आता वीस मिनिटं —

पाना घेतलाय. चार नट सैल झाले. शुभे, ह्या खेपेला तुझा बा —