एरंडाच्या बियेवरची रेघ

२५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी दाढ दाखवायला कसालला गेले. येताना आत्याकडे थांबले. तीनच्या एसटीने घरी.

बाबा, दातांच्या डॉक्टरांनी आज विचारलं, "लहानपणी टाळूचं ऑपरेशन झालंय ना?" मी नाही म्हटलं. टाळूच्या मधोमध रेघ असते, तिला राफी म्हणतात, ती सगळ्यांनाच असते, हेही ऐकवलं. ते म्हणाले, "ती असतेच, काकी. पण दोन्ही बाजूंना दाढांजवळ हे व्रण आहेत ते ऑपरेशनचे. घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांना सांगा. कधी कधी हे पुढच्या पिढीत उतरतं."

आठ वर्षांची असताना ती रेघ जिभेला लागली तेव्हा मी तुम्हालाच विचारलं होतं, "बाबा, माका कोणी शिवल्यानी?" तुम्ही मला शाळेच्या प्रयोगशाळेत नेलंत, एरंडाची बी तळहातावर ठेवलीत. तिच्यावरून एक बारीक उंचवटा गेलेला. "ही राफी. बियेक आसता, माणसाक आसता. जोडणीची खूण ती. तुजा काय येगळा नाय." एवढ्याशा प्रश्नाला इतकं मोठं उत्तर कशाला, असं मला तेव्हाच वाटलं होतं. खोटं तुम्ही बोलला नाहीत. विचारलं तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलंत.

आत्या सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "वर्साचा होतंस तेवा गोयात नेल्यान तुका. टाळू फाटलेला. तू पोटात होतंस, गिराण लागलेला, त्यात तुज्या आवशीन बांगडे कापल्यान, दुसरा काय? तुज्या बापाशीन माका शपथ घातल्यान, कोणाक सांगू नको म्हणान. मास्तर ना तो."

ग्रहणात कापल्याचा बोल आईला कोणी लावू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, असं मी एसटीत स्वतःला समजावलं. घर येईपर्यंत ते पुरलं नाही. मला विळी आठवली. मला सातवा महिना होता, दुसऱ्या दिवशी ग्रहण. तुम्ही न कळवता आलात, चहासुद्धा न घेता "धार गेली हा हिची" म्हणत माझी विळी पिशवीत घालून नेलीत. दोन दिवसांनी परत आणलीत. धार होती तशीच होती.

ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे वर्गात तुम्हीच शिकवायचात. आणि घरी त्या दिवशी आईला चुलीपाशी येऊ न देता स्वयंपाक तुम्ही करायचात. मी ती माया समजत होते. आई मागच्या पडवीत आमच्याकडे पाठ करून बसायची. तिला काय कळलं होतं? तुम्हीसुद्धा मनातून तिलाच दोषी धरलं होतंत का?

येत्या मंगळवारी ग्रहण आहे. सुनेला सातवा चालू आहे. डॉक्टर म्हणाले ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. आले तेव्हा ती झोपली होती. मी विळी धुतली, पुसली, जुन्या टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवली. विचारलं तर सांगेन, धार लावायला दिली आहे.