पोटात आहे तोवर

प्रिय आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, जेवण नीट जातं. तुझा गुडघा कसा आहे?

काल बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. डावा कप्पा नीट वाढलेलाच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात त्याला त्रास नाही, तुमच्या रक्तातून प्राणवायू मिळतो. जन्मानंतर हृदयाजवळची एक नळी मिटायला लागते, तिथून अवघड." लगेच ऑपरेशन करावं लागेल.

ह्यांनी विचारलं, "वाचेल ना?" त्या म्हणाल्या, "आम्ही प्रयत्न करू."

सासूबाईंना काही माहीत नाही. त्या फोनवर म्हणतात, "लवकर मोकळी हो गं." मी हो म्हणते. आई, मला वाटतं, दिवस भरूच नयेत.

बाबांना एवढंच सांग, बाळ खूप लाथा मारतं. तू मात्र ये.

तुझीच,
धाकटी