कानातलं यंत्र

फुलपाडा, विरार
५ नोव्हेंबर

चि. हरेश्वर यास मीराताईचे अनेक आशीर्वाद.

हर्नियाच्या ऑपरेशनला नेलेला माझा भाऊ हॉस्पिटलच्या हिरव्या गाऊनवरच रिक्षाने चिंचोटीला पळून आला, असं तुझ्या लेकीने, मनालीने कळवलं. म्हणून लिहायला बसले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं तू वाचत नाहीस. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणतात. भुलीला कशाला घाबरलास ते सरळ लिही. गाऊन धुऊन ठेव.

काळजीत असलेली,
मीरा


चिंचोटी
७ नोव्हेंबर

ती. ताईस हरेश्वरचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

गाऊन धुतला. भूल देनाऱ्या डॉक्टरबाई म्हनाल्या, ऑपरेशन झालं की नावाने हाक मारू, मग डोळे उघडायचे. नंतर सिस्टरने कानातलं यंत्र काढायला सांगितलं. यंत्राशिवाय मला दारातला ट्रॅक्टरही ऐकू येत नाही. हाक ऐकू आली नाही तर मी उठनार कसा? विचारायची लाज वाटली.

कमळी गेली तेव्हा तू होतीस. बायकोला मी किती हाका मारल्या. तिचे तर कान चांगले होते. तेव्हापासून मला कशाचं काही वाटत नाही, पन याची भीती वाटली.

नवे तांदूळ पाठवतो. राग नसावा.

तुझा हरेश्वर


फुलपाडा
१० नोव्हेंबर

चि. हरेश्वर यास आशीर्वाद.

तांदूळ मिळाले. खडे आहेत. माणिकपूरला हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरबाईंना भेटले. औषध थांबवलं की भूल आपोआप उतरते. हाक मारतात ती माणूस शुद्धीवर आला का ते बघायला. बहिरी माणसंही उठतात. झोप लागेपर्यंत यंत्र कानात राहील, मग सिस्टर उर्सुला ते माझ्याकडे देतील. तू जागा होताना मला आत घेणार आहेत. शाळेच्या वेळी पायाचा अंगठा ओढून उठवायची, तसा ओढेन. तेव्हा कान धड असून तू हाकेला कधी उठला नाहीस.

कमळीला कोणी भूल दिली नव्हती. तिच्या किडन्या गेल्या होत्या. तू हाका मारण्यात कमी पडला नाहीस.

शुक्रवारी सकाळी ये. पोटात काही नको, चहासुद्धा.

मीराताई


माणिकपूर
१४ नोव्हेंबर

चि. मनालीस आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, म्हणून रिक्षावाल्या विकीजवळ चिठ्ठी देते. ऑपरेशन झालं. अंगठा ओढला, काही नाही. पुन्हा ओढला. मग त्याने पाय आखडून घेतला, शाळेच्या वेळी घ्यायचा तसा.

सिस्टर उर्सुला यांच्याकडून घेतलं: चष्मा, वरची कवळी, कानातलं यंत्र.
हॉस्पिटलला दिलं: हिरवा गाऊन, धुतलेला.
हरेश्वरला दिलं: यंत्र. हात त्यानेच पुढे केला होता.

मीराआत्या