हाकेला ओ दिली नाही

१४ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार. इकडे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे?

परवा सकाळी नेहमीसारखी बादली भरली, फिनेल टाकलं आणि दिवाणखान्यापासून पुसायला घेतलं. दिवाणखाना म्हणजे आमचा पेन्शन विभाग. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घर हे. सरकारने प्लायवूडच्या भिंती ठोकल्या, शेकोटीच्या तोंडात फायली कोंबल्या, तरी त्याचा रुबाब काही जात नाही. पुसता पुसता भिंतीवरच्या सूचना वाचते. हे गेल्यापासून दिसेल ते वाचायची सवय लागली.

तुम्हाला पत्र वाचून दाखवणारी भाची इथे थांबली असेल. तिला म्हणा, पुढे वाच.

बादली मीच भरते, वन्सं. तुम्ही विचारलं होतंत, "ऑफिसात टेबलाचं, कारकुनीचं काम का गं?" मी हो म्हणाले. टेबलं पुसते, तेवढंच खरं.

परवा तुमचा आवाज ऐकला. "माझी वहिनी इथे टेबलावर असते, तिला जरा बोलवा."

शिपाई म्हणाला, "टेबलावर बाईमाणूस कोणी नाही. एक झाडणारी मावशी आहे."

"ती कशी असेल? माझी वहिनी वाचणारी बाई आहे. माझा अर्ज चुटकीसरशी भरून देईल."

"वाचणारी? अहो, इथले साहेबसुद्धा वाचत नाहीत, नुसत्या सह्या ठोकतात!" तरी त्याने हाक मारली, "ओ मावशी, खाली या बघू!"

मी भिंतीआडच्या अरुंद जिन्यावर होते. नोकरमाणसं पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून जुन्या मालकांनी तो बांधून घेतलेला. फडकं हातात धरून मी तिथेच बसून राहिले. दाराच्या फटीतून तुमच्या चपला दिसत होत्या. एकीचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला. तशा पायाने आलात आणि कोरा अर्ज घेऊन परत गेलात.

झाडण्याची लाज नाही, ती भाकरी आहे माझी. पण तुम्ही इतक्या अभिमानाने बोलत होतात, की मला फडकं घेऊन समोर येववेना.

हे गेले तेव्हा तुम्ही घरदार टाकून माझ्याजवळ येऊन राहिलात. मी अन्नाला शिवत नव्हते, तर माझ्यावर ओरडलात, मग स्वतःच रडलात. आता तुमचे यजमान गेले, तुमच्यावर तीच वेळ आली आणि मी चार पायऱ्या उतरले नाही.

मंगळवारी येते. दार उघडलंत तर अर्ज भरून देईन. नाही उघडलंत तर उंबऱ्यावर बसून भरेन.

तुम्ही परत गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेन्शनच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले. शिपाई म्हणाला, "मावशी, नळाची रांग तिकडे!" लोक हसले. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काल आल्या होत्या त्या माझ्या नणंद. मी वर होते. मुद्दाम ओ दिली नाही." मग खिडकीतून कोणते कागद लागतात ते विचारून घेतलं आणि कामाला लागले.

तुमच्या भावाची बायको